जावास्क्रिप्टची तारीख-वेळेची लायब्ररी लक्सॉन वापरून बघितली: टाईमझोनसाठी लई भारी, पण एक खोड आहे

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं मीटिंग बुकिंगचं पोर्टल आमच्याकडं आलंय. त्यांचं गिऱ्हाईक डेट्रॉईटचं, दर मंगळवारी तिकडच्या सकाळी ९ ला कॉल. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात वाजतात, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं गेलं की साडेसहा. जुन्या कोडात जिथं तिथं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) भारतासाठी ३३० मिनिटं मिळवून ठेवलेली आणि डेट्रॉईटसाठी पण असाच एक आकडा ठोकलेला, त्यामुळं मार्च आला की बोंबाबोंब, इकडं साहेब चहा पीत बसलेत आणि तिकडचा गोरा तासभर वाट बघून गेलेला.

मग मोमेंट ही तारखांची जुनी लायब्ररी काढून लक्सॉन टाकली. मोमेंटवाल्यांनी स्वतःच २०२० मध्ये सांगितलंय की नव्या प्रोजेक्टला ती घेऊ नका. लक्सॉन ब्राउजरचाच टाईमझोन डेटा वापरते, त्यामुळं वेगळी जड फाईल लागत नाही. महिना १ पासून चालू होतो, जावास्क्रिप्टच्या डेटसारखा जानेवारी म्हणजे ० नाही, हेच निम्मं सुख.

पण खरा माल पुढं आहे भावा. 'अमेरिका/डेट्रॉईट' झोन लावून तारखेत ७ दिवस मिळवले की पुढच्या मंगळवारी तिकडचे ९ च येतात, आणि १६८ तास मिळवले तर मार्चमधल्या त्या आठवड्यात १० येतात. दिवस वेगळे, तास वेगळे, हा फरक लायब्ररीला कळतो. म्हणून झालेल्या गोष्टी, लॉग वगैरे, यूटीसीत ठेवायच्या, पण पुढची मीटिंग मात्र तिथली वेळ आणि झोनचं नाव अशी ठेवायची. भारतीय वेळेसाठी नुसतं आयएसटी लिहू नका, इस्रायल आणि आयर्लंडवाले पण तेच लिहितात.

आता खोड. चुकीची तारीख दिली तर ही बया बोंबलत नाही, गप एक इनव्हॅलिड ऑब्जेक्ट हातात देते आणि ते थेट स्क्रीनवर जाऊन बसतं. सेटिंगमध्ये 'थ्रो ऑन इनव्हॅलिड' चालू करा, म्हणजे चुकीच्या तारखेला लगेच एरर येते, ते पहिलं काम.

लोकेल (भाषेचं सेटिंग) मराठी केलं की तारीख मराठी महिन्यात आणि आपल्या आकड्यात येते, मालक त्यावरच खूश. पाचापैकी चार. टेम्पोरल नावाची तारीख-वेळेची नवी सोय जावास्क्रिप्ट भाषेतच येतेय, पण फौंड्रीच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघता आमचं तरी अजून लक्सॉनवरच चालणार.