पालक क्रीडा समितीचा हिशेब गूगल शीटवर : नऊ महिन्यांनंतर

शाळेच्या कबड्डी-खोखो पालक समितीचा हिशेब जूनमध्ये वहीवरून गूगल शीटवर घेतला, त्याला शिमग्याला नऊ महिने झाले. शीट फुकट आहे, कामाचीही आहे, पण महिनाअखेरीला ताळमेळ घातला तरच. पासबुकातली शिल्लक (न वटलेले चेक वजा करून), पेटीतली रोकड आणि बाहेर असलेली उचल, यांची बेरीज शीटशी रुपयाला रुपया जुळायला हवी.

जुळत नाही तेव्हा आधी उचल तपासा. समजा, स्पर्धेला निघताना क्रीडाशिक्षकांना ५,००० रुपये दिले आणि लगेच खर्चात टाकले. सर परतले ते ४,३४० ची बिलं आणि ६६० रोख घेऊन. ते ६६० मग जमेला लागतात आणि वर्षाअखेरीला जमा-खर्च दोन्ही फुगतात. त्यापेक्षा उचलीचं पान वेगळं ठेवा: तारीख, कोणाला, किती, बिलं, परत आलेली रोकड. बिलं हातात आली की ४,३४० खर्चात टाका. सात दिवसांत पान शून्यावर आलं नाही तर पुढची उचल देऊ नये. सरांवर बोट दाखवायला कोणाला जागा राहत नाही, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

दोघांच्या सह्यांच्या खात्यातून यूपीआयने पैसे पाठवायची सोय बँकेत नसेल, तर खर्च चेकने करावा. वर्गणी बँकेच्या क्यूआरवर घेता येते. पण मुंबईच्या काकांनी पैसे भरले की नाव काकांचं येतं, पोर कोणतं ते कळत नाही. मुलाचं नाव, इयत्ता आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक मागून घ्या. एकाच वर्गणीचा स्क्रीनशॉट आई पाठवते, बाबाही पाठवतात आणि ती दोनदा चढते. क्रमांकाच्या रकान्याला काउंटइफचं (तोच क्रमांक किती वेळा आला ते मोजणारं) सूत्र देऊन कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की रंग बदलण्याची सोय) लावलं की दुसरी नोंद लाल होते.

पावसात लाइट जाते, रेंजही जाते. मोबाइलवर शीट आधीच ऑफलाइन करून ठेवा आणि नोंदी एकाच माणसाकडे द्या. एसटीच्या मशीनचं तिकीट पुसट होतं, त्याचा फोटो त्याच दिवशी काढावा.

मार्चअखेरची शिल्लक मात्र फसवी असते. मोठ्या देणग्या चाकरमानी गावी आले की येतात, म्हणजे शिमग्याला आणि गणपतीत. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात, कधी गणपतीच्या आधीच. १२ जणांच्या कबड्डी संघाचा प्रवास आणि जेवण याच शिल्लकीतून निघतं. म्हणून शीटच्या अगदी वरच्या ओळीत तीन आकडे ठेवले आहेत: शिल्लक, स्पर्धांसाठी राखीव आणि शिल्लकीतून राखीव वजा करून उरलेली रक्कम. नव्या बुटांची मागणी आली की तिसरा आकडा बघायचा.