लोहाची कमतरता की थॅलेसेमियाचा वाहक? सीबीसी वाचून निर्णय घेताना

हिमोग्लोबिन कमी आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८०च्या खाली, असा सीबीसीचा म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल नागपुरातल्या दवाखान्यांत वरचेवर येतो आणि पुष्कळदा लागलीच लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. बहुतेकांच्या बाबतीत ते योग्यही ठरते. परंतु थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असलेला रुग्ण महिनोन्महिने गोळ्या घेत राहतो आणि लग्नाआधी व्हायला हवी ती तपासणी राहून जाते, हे अधिक गंभीर आहे.

समजा, दोन अहवाल शेजारी ठेवले. पहिल्यात हिमोग्लोबिन ८.४, तांबड्या पेशी ३९ लाख, एमसीव्ही ६८ आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) १८ आहे. दुसऱ्यात हिमोग्लोबिन ११.२, तांबड्या पेशी ५६ लाख, एमसीव्ही ६४ आणि आरडीडब्ल्यू १४.५ आहे. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी अधिक लहान असूनही त्यांची संख्या भरपूर आहे, आणि माझ्या मते सर्वांत आधी नजर जायला हवी ती इथेच. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, संख्येनेही कमी पडू लागतात आणि त्यांच्या आकारात तफावत वाढते. वाहकाच्या पेशी मात्र सरसकट लहान, पण संख्येने जास्त असतात. एमसीव्हीला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने भागल्यास पहिल्यात सुमारे १७ आणि दुसऱ्यात ११ येतात. हा मेंट्झर निर्देशांक १३च्या खाली गेला तर थॅलेसेमियाचा संशय बळावतो, निदान मात्र त्यावरून होत नाही.

पहिल्या रुग्णाला फेरिटिन (शरीरातला लोहसाठा दाखवणारे प्रथिन) पाहून लोह सुरू करावे, रक्तस्रावाचे कारण शोधावे आणि महिन्याभराने सीबीसी पुन्हा करावी. ताप किंवा दाह असताना फेरिटिन फसवे वाढते, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्याला आधी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) सांगावी. ए२ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांहून अधिक आल्यास तो वाहक समजावा आणि फेरिटिन खरोखर कमी असेल तरच लोह द्यावे. मात्र लोहाची तीव्र कमतरता असल्यास ए२ खाली येऊन वाहकपण झाकले जाऊ शकते, त्यामुळे अशा रुग्णाची तपासणी लोह भरून आल्यावर पुन्हा करावी. रुग्ण गरोदर असेल तर एवढी वाट पाहायला वेळ नसतो; लोह सुरू करणे आणि एचपीएलसी दोन्ही एकाच वेळी करून पतीचीही तपासणी सांगावी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नागपुरातल्या जरीपटक्यासारख्या सिंधीबहुल वस्तीत तर याबाबत ढिलाई नकोच, कारण या समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात.

काटोल किंवा उमरेडसारख्या बाहेरगावाहून उन्हाळ्यात आलेला नमुना किती तास बाहेर होता, हेही विचारावे. रक्त बराच वेळ तसेच राहिले की पेशी फुगतात आणि एमसीव्ही प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो.

विदर्भात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा लागतो. त्याच्या वाहकाची सीबीसी बहुधा सर्वसाधारणच असते, म्हणून विवाहापूर्वी आलेल्या जोडप्याचे सर्व आकडे मर्यादेत असले, तरी एचपीएलसी सांगावीच.