सांडणीचं दूध: कुल्फी, आंबवलेलं पेय की चीज?

कच्छमध्ये रोज ५०-१०० लिटर सांडणीचं, म्हणजे उंटिणीचं, दूध हाती येत असेल, तर सुरुवात कुल्फीने करावी. चीज-पनीर सगळ्यात शेवटी, कारण या दुधाची खरी गोची तिथेच आहे. गाईच्या दुधातल्या केसीनपैकी (दुधातलं मुख्य प्रथिन) साधारण १३ टक्के कॅपा-केसीन असतं, इथे जेमतेम साडेतीन. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुसरं प्रथिन तर नाहीच. म्हणून दूध नीट धरत नाही.

चीज. वासराचं रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) यात फारसं चालत नाही. उंटाचं कायमोसिन, म्हणजे तसलंच उंटाचं एन्झाइम, घ्यावं लागतं आणि १०० लिटरला १०-१५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. एवढं करूनही गोळा मऊ राहतो. घाईने कापला की चुरा होऊन स्निग्धांश निवळीत (चीजमधून सुटणाऱ्या पाण्यात) जातो. आणि ही निवळी हिरवट नसते, पांढरीच दिसते, त्यामुळे नुकसान रंगावरून कळत नाही. फॅट तपासूनच कळतं. मॉरिटानियातल्या तिविस्की डेअरीने हे चीज करून दाखवलंय, पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. पनीर हवंच असेल तर म्हशीचं दूध मिसळा आणि तसं लेबलवर लिहा.

आंबवलेलं पेय. चमच्याने खायचं दही मनातून काढून टाका. जिलेटिनसारखं काही घातल्याशिवाय ते पातळच राहतं. कझाकस्तानातलं शुबात, सुदानमधलं गारिस ही पेयंच आहेत, ते उगीच नव्हे. दूध ८५ अंशांवर ३० मिनिटं तापवा, ४२ अंशांपर्यंत निववा, २-३ टक्के विरजण लावा. गाईच्या दुधापेक्षा वेळ बराच जास्त लागतो. घड्याळ बघून थांबू नका, पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ आला की थंड करा.

कुल्फी. इथे दूध धरण्याचा प्रश्नच येत नाही, आटवायचं असतं. १० लिटर दूध जाड बुडाच्या कढईत ५ लिटरपर्यंत आणा, ६००-६५० ग्रॅम साखर घाला. त्याहून जास्त आटवू नका: दूध मुळात किंचित खारट असतं, आटलं की खारटपणाही दाट होतो. चेरिया, म्हणजे तिवर, चरणाऱ्या खाराई जातीच्या सांडणींचं दूध तर आधी चाखूनच घ्या. वेलदोडा-केशर थोडं झाकतात, सगळं नाही. स्निग्धांश कमी असल्याने बर्फाचे खडे होतात. साय किंवा दूध पावडर घालून ते टळतं.

लोणी-तुपाच्या नादी लागू नका. स्निग्धांशाचे कण बारीक असतात, साय सहज वर येत नाही, आणि घुसळायचं तर २०-२५ अंशांवर.

नुसतं दूध बाटलीत भरणं सोपं वाटतं, पण ते शीतसाखळी असणाऱ्यांचं काम. कच्छच्या सरहद डेअरीचं दूध अमूलने २०१९ मध्ये ५०० मिलीच्या बाटलीत ५० रुपयांना आणलं, तेही फ्रिजमध्ये तीनच दिवस टिकणारं. पाश्चरीकरण ६३ अंशांवर ३० मिनिटं. ते झालं की नाही हे पाहायची नेहमीची फॉस्फेटेज चाचणी मात्र इथे भरवशाची नाही, कारण उंटाच्या दुधातलं ते एन्झाइम या तापमानाला टिकून राहतं. तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र बसवा.