‘इको’ पत्रावळीच्या मशीनमध्ये आमचा बचत गट कसा फसला

आमचे गाव भंडारा-गोंदियाच्या सीमेवर, धानाच्या पट्ट्यात आहे. आमचा 12 बायांचा बचत गट आहे आणि मी त्याची सचिव. ऑगस्ट 2022 मध्ये आम्ही पत्रावळी-द्रोण बनवायची मशीन घेतली आणि त्या व्यवहारात गटाचे अडीच लाख रुपये बुडाले. इतके दिवस लाजेपायी कोणाला बोललो नाही. पण मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाच्या अध्यक्षाबाईंचा फोन आला. ‘ताई, तुमच्याकडे ती मशीन आहे ना, चांगली चालते का? आम्ही पैसे भरायला निघालो आहोत.’ कंपनीचे नाव वेगळे होते, पण करारातली कलमे त्यांनी वाचून दाखवली तेव्हा अक्षर अन् अक्षर तेच. त्या दिवशीच ठरवले की हे लिहायचे.

आम्ही हा धंदा का निवडला ते आधी सांगते, कारण फसवणाऱ्याने आमची तीच जागा धरली होती. 2021 च्या उन्हाळ्यात आमची तांबडी गाय गेली. आठ दिवस चारा सोडला, पोट फुगले, रवंथ बंद. गुरांचे डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. मेल्यावर त्यांनी पोट उघडून दाखवले. आत पन्न्यांचा पिळलेला गोळा होता, त्यात सुतळी, गुटख्याच्या पुड्या आणि लग्नाच्या पंगतीतल्या प्लेटांचे तुकडे. दोन घमेली भरली. बंद पन्नीत बांधून फेकलेले शिळे अन्न गाय पन्नीसकट गिळते, आणि पन्नी पोटात पचतही नाही, बाहेरही पडत नाही. त्या गाईच्या दुधावर माझ्या लेकीची शाळा चालली होती. त्यानंतर गावात कुठे तेरवी-बारसे झाले आणि मागे प्लेटांचा ढीग पडला, की माझा जीव खालीवर व्हायचा.

1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. प्लेट, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, सगळे त्यात. आपल्या राज्यात तर 23 मार्च 2018 लाच प्लॅस्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली होती. साहजिकच मोबाइलवर जाहिराती सुरू झाल्या: ‘प्लॅस्टिक बंद, पर्यावरणपूरक प्लेटला प्रचंड मागणी. मशीन आमची, कच्चा माल आमचा, तयार मालही आम्हीच घेणार. महिला बचत गटांना प्राधान्य.’ मी नंबर लावला. पलीकडचा माणूस इतक्या आदराने बोलला, की माझा विश्वास बसला. दर वाक्याला ताई. मी त्याला गाईची गोष्टही सांगितली. पुढच्या प्रत्येक फोनमध्ये त्याने ती मला परत ऐकवली. ‘ताई, तुमच्या गाईसाठी तरी हे करा.’ याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आम्ही चौघी नागपूरला त्यांच्या ऑफिसात गेलो. चकचकीत जागा, भिंतीवर हिरवी पाने छापलेली, मशीन चालू करून दाखवली. हिशेब असा मांडला: कापलेला गोल कागद 60 पैशांना एक, तयार प्लेट कंपनी 90 पैशांना परत घेणार, दिवसाला 10,000 प्लेटा निघतात, म्हणजे रोजचे 3,000 रुपये. मशीन 1,65,000 ची. आमच्याकडे सीआयएफचे, म्हणजे गटांना मिळणाऱ्या समुदाय गुंतवणूक निधीचे, 60,000 होते, उरलेले 1,05,000 बँकेच्या कर्जातून उचलले. 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला. आम्ही तो वाचला, पण आमच्या फायद्याचीच कलमे पुन्हा पुन्हा वाचली. ‘कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार माल स्वीकारला जाईल’ असे एक वाक्य होते. निकष कोणते, ते करारात कुठेच नव्हते. वाद झाल्यास न्यायक्षेत्र दुसऱ्या राज्यातले, तेही होते. आम्हाला वाटले, असते असे काहीतरी.

घरी माझ्या सासूबाई मशीनकडे बघून म्हणाल्या, ‘काहून बाई, धुऱ्यावर पळस उभा हाये, अन् तुमी कागद इकत आणता?’ धुरा म्हणजे शेताचा बांध. त्या बसल्या बसल्या बांबूच्या काडीने शंभर पत्रावळी टाचणाऱ्या. मी त्यांना म्हटले, आता जमाना मशीनचा आहे. हे बोललेले मला आजही टोचते.

पहिली खेप 30,000 कागदांची, 18,000 रुपयांची. आम्ही रात्रपाळ्या लावून काढली, कारण दिवसा लाइनीचा भरवसा नाही. माल पाठवला आणि नवव्या दिवशी 27,000 रुपये खात्यात जमा. गावात पेढे वाटले. ही पहिली खेप वेळेवर उचलणे हाच सगळ्या खेळाचा पाया असतो, हे ज्याला कोणाला सांगता येईल त्याला सांगा. 27,000 देऊन त्यांनी पुढचे 90,000 काढले. आठवडाभरात फोन आला, ‘दिवाळीची मोठी ऑर्डर आहे ताई, पण आता कमीत कमी दीड लाख कागद उचलावा लागेल.’ आलेले 27,000 घातले, गटाच्या बचतीतले 23,000 काढले, आणि उरलेल्या 40,000 साठी दोघींनी घरून उसने आणले, एकीने गळ्यातली पोत गहाण टाकली.

मशीन चालू असताना डाय, म्हणजे प्लेट दाबायचा साचा, तापली की एक वास यायचा, जळक्या पन्नीसारखा. शेकोटीत झिल्ली पडली की येतो ना, तसाच, फक्त मंद. आमच्यातल्या दोघींनी तो बोलून दाखवला. मी कंपनीला फोन केला. ‘ताई, ते बायो कोटिंग आहे, मक्याचं. पहिल्यांदा तापलं की वास येतो.’ मी तेच बायांना सांगितले आणि काम पुढे चालू ठेवले.

दीड लाख प्लेटा तयार झाल्या. 15 पोती गाडीभाडे भरून नागपूरला धाडली, पाचव्या दिवशी सगळी परत. कडा फाटलेल्या आहेत, डाग आहेत, ओलावा जास्त आहे, माल निकषात बसत नाही. पहिल्या खेपेपेक्षा हा माल चांगला होता, आमचा हात बसला होता. निकष मागितला तर उत्तर नाही. मग फोन उचलणे बंद, मग नंबर बंद. डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा त्या जागेवर दुसराच बोर्ड होता.

त्याआधी नोव्हेंबरात आम्ही ठरवले होते की रडत बसायचे नाही, माल स्वतः विकायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक, दिवसा भजी-आलुबोंड्याची दुकाने, प्लेटा हातोहात जातात. दोन गावांच्या मंडईत थोड्या विकल्याही. मग तालुक्याच्या आठवडी बाजारात पाल लावले आणि तासाभरात प्लॅस्टिकबंदीचे पथक पुढ्यात उभे. मी मोठ्या धीराने म्हटले, साहेब, ही कागदाची आहे, पर्यावरणपूरक. त्यातल्या एका कर्मचाऱ्याने प्लेट उचलली, कडेला चीर दिली आणि अगदी हळू फाडत नेली. कागद फाटला, पण दोन तुकड्यांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा ताणला जात राहिला, दुधावरच्या सायीसारखा. त्याने तो बोटाने ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. ‘ताई, ही पन्नीच आहे.’ 5,000 रुपये दंडाची पावती फाटली. पहिल्या वेळचा दंड तेवढाच असतो, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या कर्मचाऱ्याचा मला राग नाही. त्यानेच आम्हाला खरे काय ते दाखवले.

त्याच्याकडूनच कळले, की प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेटा, कप, द्रोण यांच्यावर राज्याने जुलै 2022 मध्येच बंदी घातली होती. आम्ही मशीन घेतली ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी आमच्याशी करार केला, त्या दिवशी त्यांचा कागद बंदीत होता आणि त्यांना ते माहीत नसेल हे मी मानायला तयार नाही.

घरी येऊन मी कागदाच्या गठ्ठ्यांचे रिकामे आवरण शोधले. वर हिरवे पान छापलेले, ‘इको फ्रेंडली’ मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात कागदाचे वजन आणि पुढे दोन अक्षरे: पीई. पीई म्हणजे पॉलिइथिलीन, ज्याची पन्नी बनते तेच. आमच्या बिलावरही ते छापलेले होते. दोन महिने ते आवरण आम्ही रोज हाताने फाडत होतो.

आता तपासायचे कसे, ते सांगते. कागद पाणी पितो. ज्या कागदी प्लेटमध्ये पातळ वरण वाढले तरी थेंब गळत नाही, तिच्यावर कसला ना कसला थर असतोच. तो कशाचा, हे लेखी मागा, तोंडी ‘मक्याचे’ चालणार नाही. एक प्लेट रात्रभर कोमट पाण्यात टाका, सकाळी चोळा. कागदाचा लगदा निघून जाईल आणि पन्नीचा थर असेल तर तो आख्खा हातात राहील. मी तशा चार प्लेटा आणि सासूबाईंच्या हातच्या चार पळसाच्या पत्रावळी खताच्या खड्ड्यात एकाच जागी पुरल्या. पुढचा पावसाळा गेल्यावर उकरले. पळसाचे नावनिशाण नव्हते. प्लेटांचा कागद गेला होता, पण चार गोल झिल्ल्या जशाच्या तशा, प्लेटेच्या कडेच्या चुण्यांसकट. हाच पापुद्रा मी दीड लाख वेळा तयार करून गावात सोडायला निघाले होते.

‘विरघळणारी’ म्हणून हिरव्या पिशव्या विकणारेही आजकाल बाजारात फिरतात. त्यांच्याबाबतही जपा. खरी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी, पिशवी असेल तर तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असावा लागतो, आणि प्रमाणित उत्पादकांची यादी मंडळाच्या वेबसाइटवर बघता येते. नातवाला सांगा, तो मोबाइलवर काढून देईल. आणि ती पिशवी खरी असली तरी तिची परीक्षा सुमारे 58 अंश उष्णतेच्या, मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासारख्या स्थितीत घेतलेली असते. नालीत किंवा वावराच्या कडेला पडली तर ती तशी कुजेल असे धरून चालू नका. गाईने ती गिळली तर काय, हा माझा प्रश्न तर तसाच राहतो.

करार करायच्या आधी एवढे तरी करा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून तो कोणाच्या नावावर आणि कोणत्या धंद्याचा आहे ते बघा. त्याच कंपनीची मशीन घेऊन वर्ष झालेल्या तीन गटांचे पत्ते मागा आणि फोनवर नाही, स्वतः जाऊन भेटा. आम्हाला दिलेले दोन नंबर त्यांच्याच माणसांचे होते, हे नंतर कळले. माल परत घेण्याचे निकष मोजमापासह लिहून मागा. जो आढेवेढे घेईल त्याला तिथेच नमस्कार करा. आणि कच्चा माल दुसरीकडून घ्यायची मुभा नसेल तर सही करू नका, कारण त्यांची कमाई मशीनवर आणि कागदावर होते, तुमच्या प्लेटांची त्यांना गरजच नसते.

फसलाच असाल तर गप्प बसू नका. आम्हाला आधी सांगण्यात आले की हा पैशांच्या देवाणघेवाणीचा दिवाणी वाद आहे, आणि करारातले ते दुसऱ्या राज्याचे न्यायक्षेत्र बघून आम्ही हबकलो. मग एका वकीलबाईंनी समजावले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून ते हात झटकतात, पण पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी घेतलेली असेल तर घेणारा ग्राहकच ठरतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र 2 वर्षांची आहे, लाजेत ती घालवू नका. सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आमची तक्रार दाखल आहे, तारखा चालू आहेत.

बँकेचा हप्ता आम्ही भरतो, एकही चुकवलेला नाही. मशीन चालू आहे, पण वेगळ्या कामाला. सासूबाईंनी टाचलेल्या पानांवर पाण्याचा हात फिरवून ती डायमध्ये दाबली की खोलगट पत्रावळ बसते, वरण थोपते. दिवसाला फार निघत नाहीत. वैशाखात नवी पाने निबर झाली की चार बाया धुऱ्यावर जातात, आणि गावातल्या तेरवीला आता आमच्याकडे निरोप येतो. पोत मात्र अजून सुटलेली नाही.

उरलेली 13 पोती माझ्या मागच्या खोलीत आहेत. विकायची नाहीत आणि जाळायचीही नाहीत, असे गटाच्या बैठकीत ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्याच वहीत, खड्ड्यातून काढलेल्या चार झिल्ल्यांपैकी एक धुऊन, वाळवून टाचली आहे. पुढच्या तारखेला ती आयोगासमोर ठेवणार आहोत.