चौदा महिने, ३३,६०० किलोमीटर आणि दोन मीटर

२०२४ च्या दिवाळीत पाडव्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली. आज चौदा महिने झाले आणि रनिंग ३३,६०० किलोमीटरवर आलंय. मी साताऱ्यात राहतो, नोकरी कराडला. जाऊन-येऊन रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. बँकेतली सवय म्हणून पहिल्या दिवसापासून वही घातली आहे. प्रत्येक चार्जिंग, प्रत्येक टोल आणि टायरमध्ये भरलेली हवासुद्धा तिच्यात आहे. बायको हसते, पण हे लिहायला तीच वही उपयोगी पडते आहे.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे प्रश्न खिशाचा आहे. चार मीटरच्या आतली गाडी, बॅटरी ३० किलोवॅट-तासांची. कागदावरची रेंज विसरा. हायवेला ८० च्या वेगाने, एसी लावून २०० किलोमीटर धरा. उन्हाळ्यात थोडी कमी, घाटात अजून कमी. कासला जाताना यवतेश्वरचा घाट चढून १७ टक्के गेले, उतरताना फक्त ४. उतारावर गाडी स्वतःच चार्ज होते हे पहिल्यांदा बघताना मजा येते. त्यात पैसा फार वाचत नाही, कारण चढताना दिलेल्यातलंच थोडं परत मिळतं.

आता आकडे. एक्स-शोरूम साडेबारा लाख. त्याच दर्जाची पेट्रोल गाडी तेव्हा नऊ लाख वीस हजारांना होती. म्हणजे फरक तीन लाख तीस हजार. पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्स पडला असता, म्हणजे लाखभर रुपये. इलेक्ट्रिकला महाराष्ट्रात तो माफ आहे. त्यामुळे अंतर आलं दोन लाख तीस हजारांवर. विमा महाग, कारण गाडीची किंमतच जास्त. थर्ड पार्टीच्या हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट असते, पण ती रक्कम मुळात लहान. घरचं वायरिंग, अर्थिंग आणि नवीन मीटर धरून मी पेट्रोलवाल्यापेक्षा दोन लाख साठ हजार जास्त घातले.

विकणाऱ्या पोराने एक गोष्ट ठोकून सांगितली होती, "सर, कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते." ती सूट, कलम ८०ईईबी, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. मी बँकेत काम करून हे आधी तपासलं नाही, म्हणून पोराला काय बोलणार?

पहिले दोन महिने मी मूर्खासारखे घालवले. घरच्या मीटरवरच पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावायचो. घरचं बिल तोवर १,२००-१,२५० यायचं. पहिलं पूर्ण बिल आलं ६,९०० चं. झालं असं की घराची १३० युनिटं आणि गाडीची ३६० एकत्र आली आणि आम्ही स्लॅबच्या शिडीवर चढलो. शंभरच्या पुढचं युनिट मला सगळं धरून सव्वातेरा रुपयांना पडलं, तीनशेच्या पुढचं अठरा रुपयांना. जाहिरातीत "किलोमीटरला एक रुपया" लिहिलेलं असतं. माझ्या घरी तो सव्वादोन रुपयांच्या वर होता. अजून एक सासू आणि दोन एसी असते तर तीन झाला असता.

मग वायरमनने सांगितलं, महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, त्याचा दर वेगळा आणि त्याला घरगुती स्लॅब लागत नाही. ते घेतलं. आता गाडीचं युनिट सरासरी दहा रुपयांना पडतं आणि किलोमीटर दीड रुपयाच्या थोडं आत. घेणाऱ्यांना मी हेच आधी सांगतो: रंग आणि सनरूफ नंतर ठरवा, आधी दुसऱ्या मीटरचा अर्ज भरा.

महिन्याला माझं रनिंग २,४०० किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी सोळाचं अ‍ॅव्हरेज द्यायची. लिटरला १०५ रुपये धरले तर किलोमीटरला साडेसहा रुपये. आता ते पहिले महागडे महिने आणि बाहेरचं चार्जिंग धरून सरासरी एक रुपया ऐंशी पैसे. महिन्याला सव्वाअकरा हजार वाचतात. जास्तीच्या दोन लाख साठ हजारांचा हप्ता ४,२०० जातो. हातात सात हजार राहतात. पेट्रोलशी तुलना केली तर दोन वर्षांत पैसे वसूल.

इथे बरेच जण थांबतात आणि फोटो टाकतात. पण माझ्यासारखं रनिंग असलेला माणूस आज पेट्रोल गाडी घेतो कुठे? तो सीएनजी घेतो. कराडच्या आमच्या पार्किंगमध्ये बघा, निम्म्या गाड्या सीएनजी. ती पेट्रोलपेक्षा लाखभरानेच महाग. किलोला नव्वदीच्या वर दर, पंचवीसचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये साठ पैसे. तिच्याशी हिशेब लावला की माझी बचत महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास येते आणि वसुलीला तीन वर्षांच्या पुढे लागतात. अर्थात सीएनजीच्या रांगेत सकाळची चाळीस मिनिटं उभं राहण्याची किंमत वहीत कुठे लिहायची ते मला समजलं नाही.

आणि हे सगळं माझ्या वेळचे भाव धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर आधीपासूनच ५ होता. म्हणजे मी ज्या पेट्रोल गाडीशी तुलना करतोय ती आज ऐंशी हजारांनी स्वस्त झाली, माझी होती तिथेच. आज घेणाऱ्याने पेट्रोलशी लावलेल्या वरच्या वसुलीत सात-आठ महिने अजून मिळवावेत.

बॅटरी भाड्याने घ्यायचा पर्यायही पाहिला होता. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली तेव्हा बॅटरीशिवाय ९ लाख ९९ हजार आणि किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं, अशी योजना होती. माझ्या रनिंगला ते महिन्याला ८,४०० होतात, वर विजेचे वेगळे. जास्त फिरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

टोलचं थोडक्यात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना माफी ठरली. छान. आम्ही साताऱ्याची माणसं मात्र आनेवाडी आणि खेड शिवापूरला फास्टॅग कापून घेत पुण्याला जातो, कारण तो राष्ट्रीय महामार्ग.

गणपतीत मामाकडे गुहागरच्या बाजूला गेलो होतो. उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाटउतारामुळे चिपळूणला पोहोचेपर्यंत निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती. तिथे एका हॉटेलात दोन चार्जर. एक बंद, दुसऱ्यावर मुंबईच्या दोन गाड्या आधी. चाकरमान्यांच्या गर्दीत दीड तास वडापाव खात काढला. युनिट जीएसटीसह २४ रुपये. मामाकडे पोहोचलो आणि घरचा प्लग लावला तर गाडी चार्जिंग घेईना, लाल दिवा. घराला अर्थिंगच नव्हतं! चाळीस वर्षं त्या घरात पंखे, मिक्सर, टीव्ही बिनतक्रार चालले होते. मामाला ते पटेचना. "गाडीत बिघाड आहे तुझ्या." दुसऱ्या दिवशी वाडीतल्या इलेक्ट्रिशियनने अंगणात रॉड ठोकला, कोळसा-मीठ घातलं, अडीच हजार घेतले. मामाच्या घराला अर्थिंग मिळालं ते माझ्या वहीत "प्रवास खर्च" म्हणून लिहिलं आहे.

देखभाल खरंच कमी. ऑइल नाही, क्लच नाही, दोन सर्व्हिसिंगला मिळून जुन्या गाडीच्या एका सर्व्हिसिंगइतकेही लागले नाहीत. पण टायर! गाडी जड, पिकअप तडक, आणि सातारा-कराड रस्त्याचं काम चालू. पुढचे दोन टायर तीस हजार किलोमीटरमध्येच बदलले, तेरा हजार रुपये गेले. हे कोणी सांगत नाही.

एक काळजी आहे ती प्रामाणिकपणे लिहितो. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. माझ्या रनिंगने ते साडेपाच वर्षांत संपणार. कर्ज सात वर्षांचं. शेवटची दीड वर्षं मी हप्ता भरत असेन आणि वॉरंटी नसेल. आजवर बॅटरी काही उतरल्यासारखी वाटत नाही, पण आमच्या शाखेत असं तारण कोणी आणलं तर मी दोन प्रश्न जास्त विचारीन.

गाडीत कराडपर्यंत दोन सहकारी असतात. पूर्वी पेट्रोलचे दोन-दोन हजार द्यायचे. आता एकाने विचारलं, "साहेब, लाइट बिलाची पण वर्गणी असते का?" वर्गणी निम्म्यावर आली, आणि ती मी वरच्या हिशेबात धरलेली नाही.

माझे साडू पुण्यात सिंहगड रोडला राहतात. माझी गाडी बघून त्यांनाही हवी झाली. त्यांचं रनिंग महिन्याला ६०० किलोमीटर. सोसायटीत पार्किंगला प्लग द्यायला कमिटी तयार नाही, म्हणजे सगळं चार्जिंग बाहेर. किलोमीटरला साडेतीन रुपये. शहरात सीएनजी गाडी त्यांना सव्वाचारला पडते. वही उघडून दाखवलं: महिन्याला बचत साडेचारशे रुपये, आणि जास्तीचे पैसे दोन लाखांच्या आसपास. साडू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी परवडायला आधी कराडला बदली मागायची?"

परवा त्यांनी सीएनजी बुक केली. शोरूमला त्यांना घेऊन मीच गेलो, माझ्याच गाडीतून. पुण्यात शिरताना बॅटरी ४४ टक्के होती.