जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील: भाच्याच्या केसमधला अनुभव

माझ्या भाच्याच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात जो हलगर्जीपणा झाला, त्याची तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगात चालू आहे. तक्रार लढणारी वकील आम्हाला मिळाली ती न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून, एक रुपया फी न देता. ही सोय फक्त दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठी आहे असं आमच्या गावात सगळ्यांना वाटतं. तसं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मूल आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. ताईच्या नावाने अर्ज दिला, उत्पन्नाचा दाखला कुणी मागितलाही नाही.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत आमची हकीगत अर्ध्यावर थांबवली आणि म्हणाल्या, "आधी इनडोअर केसपेपर आणा." म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या दवाखान्यातल्या नोंदी. आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं. लेखी मागणी केली की ७२ तासांत कागद देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची, हेही त्यांनीच बजावलं.

कागद आल्यावर त्यांनी ते टेबलावर वेळेप्रमाणे मांडले. ताई दाखल कधी झाली, कळांचं सलाइन कधी लावलं, बाळाचे ठोके कधी मोजले. रात्री अकरापासून दीडपर्यंत ठोक्यांचे रकाने कोरे, आणि दीड वाजता एकदम 'ठोके कमी'. बाळ रडलं नाही, पुढे झटके, काचेची पेटी, आणि आज त्याची मानही नीट धरत नाही. पोटातली हालचाल कमी झालीय असं ताई त्या रात्री सिस्टरला सांगत होती. घरी सगळे तिला 'नशीब म्हण आणि सोड' म्हणत होते. ते कोरे रकाने पाहिल्यावर घरातलं कुणी पुन्हा तसं बोललं नाही.

कुठे काय मिळतं हेही बाईंनी स्वच्छ सांगितलं. मेडिकल कौन्सिल डॉक्टरचं रजिस्ट्रेशन निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर पोलिसांना आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. मुलाच्या थेरपीचा खर्च हवा असेल तर ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलंय. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीचं शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफीचा अर्ज करावा लागतो. मुलाचं दुखणं कळायलाच कित्येकदा वर्ष उलटतं, तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

बाईंनी खोटी आशाही दाखवली नाही. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने येणारं हालचालींचं अपंगत्व) बाळंतपणातल्या चुकीने होत नाही, समोरचा वकील हेच म्हणणार, म्हणून नवजात बालकांच्या तज्ज्ञाचं लेखी मत लागेल, असं त्यांनी सांगितलं. ते मत मिळवण्याचा खर्च आम्ही केला.

उणिवा आहेत. बाईंकडे केसेस फार, फोन लवकर लागत नाही, आणि एपगार स्कोअर (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला देतात ते गुण), एमआरआयचा रिपोर्ट या गोष्टी आम्हीच बालरोगतज्ज्ञांकडून समजून घेऊन त्यांना सांगितल्या. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. तोवर मुलाची थेरपी थांबवू नका. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा एक लाखाचा 'निरामया' आरोग्य विमा यांचे अर्ज लगेच करा. केसच्या निकालाशी त्यांचा काही संबंध नाही.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार. मोठ्या शहरातल्या खासगी वकिलाने आम्हाला सांगितलेली फी भरायची तर ताईला दागिने मोडावे लागले असते. कार्यालय सापडत नसेल तर १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करा. जाताना आईचं आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला, सगळी बिलं आणि केसपेपरच्या दोन झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका.