सीबी ७५०: कार्ब्युरेटर जुळवायचे ड्रिल बिटने की व्हॅक्यूम गेजने?
1969 साली आलेल्या होंडा सीबी 750 मोटरसायकलला सिलिंडर चार, कार्ब्युरेटरही (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग) चार. एकाचीही स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त उघडणारी सरकती झडप) बाकीच्यांपेक्षा वरखाली झाली की आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन चालू राहणं) अडखळतं.

ड्रिल बिटची पद्धत टेबलावरची: बिटचा गुळगुळीत दांडा चारही स्लाइडखाली सारखाच अडकला पाहिजे. स्वस्त, सोपी, कार्ब्युरेटर खोलून साफ केल्यावर आधी हीच. पण तिला फक्त स्लाइडची उंची कळते.

व्हॅक्यूम गेज इंजिन चालू आणि तापलेलं असताना प्रत्येक सिलिंडर किती जोराने हवा ओढतो ते मोजतो. व्हॉल्व्हची झीज, मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबरातली गळती सगळं काट्यावर दिसतं. म्हणून माझा कौल गेजलाच. मात्र टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधी नीट करा, नाहीतर काटे फसवतात. आणि समोर पंखा लावाच. उभ्या गाडीत हे हवेवर थंड होणारं इंजिन फार लवकर तापतं.